'हो' म्हणण्यापूर्वी विचारा

खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ही 1916 साली सुरू झालेली संस्था. धरणाची, बंदराची लहान प्रतिकृती बांधून तिच्यात पाणी सोडायचे व परिणाम पाहायचा, हे तिथले काम. भूतानमधील प्रकल्पांचीही कामे तिथे झाली आहेत. नदी तिकडे, प्रतिकृती इकडे! तिकडून आलेले एक माप चुकीचे समजले, तर सारी मेहनत पाण्यात. म्हणून विचारून घ्यावेच लागते.

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता पुण्यात बसून परदेशी कंपन्यांची कामे करतात. साहेबाचे बोलणे समजले नाही तरी 'यस' म्हणतात. आपल्याकडे तो मान राखण्याचा 'हो'. अमेरिकन माणूस तो शब्द दिला असे धरतो. घरातली पहिलीच अशी नोकरी. विचारले तर अडाणी ठरू, ही धास्ती आम्ही घरोघरी पाहतो. पण काम बिघडते ते न विचारल्याने. ठरलेले लेखी कळवावे, वेळ दोन्हीकडची लिहावी. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा.

आणि आईबापांनो, रात्री दहाला लेक फोनवर 'पुन्हा सांगा' म्हणताना ऐकू आली, तर रागावू नका, टीव्हीचा आवाज कमी करा. तिकडे तेव्हा भर दुपार असते.