कुसळातलं इंजिनिअरिंग

दिवाळीच्या सुमारास पारनेरच्या किंवा संगमनेरच्या पठारावरून फेरफटका मारला, की पायमोजे कुसळांनी भरून येतात. मेंढ्या राखणाऱ्यांचा या कुसळी गवतावर वेगळाच राग असतो. लोकरीत अडकलेलं कुसळ तिथेच थांबत नाही, आत आत सरकत कातडीपर्यंत पोचतं. शाळकरी पोरांच्या लेखी मात्र ते एकमेकांच्या सदऱ्यावर फेकायचं फुकटचं शस्त्र.

या कुसळाच्या पोटात एक यंत्र आहे. पुढे अणकुचीदार बी आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी अशी त्याची बांधणी. शेपटीच्या पेशींमधले तंतू तिरके रचलेले असतात. ओल लागली की पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा चढतो. शेपटीचं टोक एखाद्या काडीला किंवा ढेकळाला अडलं, की फिरण्याचा सगळा जोर बीवर येतो आणि ते गिरमिटासारखं मातीत शिरतं. बीवरचे ताठ केस मागच्या दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे एकदा आत गेलेलं बी सहसा बाहेर येत नाही. मोटार नाही, बॅटरी नाही. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्यावर काम चालतं.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लायनिंग याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं याच युक्तीवर काम केलं. त्यांच्यासमोर कुसळ नव्हतं, इरोडियम नावाच्या वनस्पतीचं अशाच पिळाचं बी होतं. विमानातून किंवा ड्रोनमधून टाकलेलं बियाणं जमिनीवर उघडं पडतं. ते पाखरं खातात, नाहीतर उन्हात वाळतं. म्हणून त्यांनी ओक लाकडाच्या पातळ पट्टीपासून स्वतःला पुरून घेणारा बीजवाहक तयार केला. इरोडियमला एकच शेपटी असते आणि सपाट जमिनीवर ती बीला उभं धरू शकत नाही. या मंडळींनी तीन शेपट्या लावल्या. २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, सपाट जमिनीवर दोनदा ओलं-सुकं झाल्यावर ८० टक्के बीजवाहक मातीत शिरले. निसर्गाची नक्कल करून ते थांबले नाहीत. नक्कल कुठे तोकडी पडते ते त्यांनी पाहिलं आणि तिथे सुधारणा केली. इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

दर जूनमध्ये अनेक शाळांची मुलं माळावर आणि डोंगरउतारांवर बीजगोळे टाकायला जातात. त्या गोळ्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारायला हरकत नाही, आणि बीजवाहकाची गोष्ट त्याला जोडूनच सांगता येईल. त्याहून सोपा उद्योगही आहे. कुसळाचं बीकडचं टोक मातीच्या गोळीत उभं रोवायचं, शेपटीच्या टोकाला कागदाचा हलका काटा चिकटवायचा आणि खाली वहीच्या पुठ्ठ्यावर तबकडी काढायची. हवेत ओलावा वाढला की काटा फिरतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५च्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' ग्रंथात रानटी ओटच्या कुसळाचा आर्द्रतामापक वर्णन केला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं ते उपकरण नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत शून्य खर्चात होऊ शकतं.

निसर्गातल्या रचना पाहून माणसाच्या अडचणींवर तोडगा काढण्याच्या या पद्धतीला बायोमिमिक्री म्हणतात. अमेरिकन लेखिका जॅनिन बेन्यस यांच्या १९९७ सालच्या पुस्तकाने हा शब्द जगभर पोचवला. कल्पना मात्र जुनीच आहे आणि सहावी ते आठवीच्या वयाला ती चपखल बसते. या वयात मुलांना सूत्रं फारशी येत नसतात, पण 'हे असंच का?' असं विचारायची सवय अजून सुटलेली नसते. दोन-तीन वर्षांत दहावीची धास्ती सुरू झाली, की ती सुटते.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातलं नगर, इंजिनिअरिंगला नवखा नाही. शहराला लागून संरक्षण खात्याची वाहनं तपासणारी आणि घडवणारी व्हीआरडीई ही संस्था आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी या एका जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा तीन ठिकाणी, सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात, अभियांत्रिकी महाविद्यालयं उभी राहिली. शेतकऱ्याच्या मुलाला इंजिनिअर होण्याची वाट मोकळी झाली. पण ती वाट बारावीनंतर सुरू होते. तोवर ज्याने कधी पकड हातात धरली नाही, असा मुलगा तिथे पोचतो आणि चार वर्षं बहुतेक कागदावरच इंजिनिअरिंग करतो.

गंमत म्हणजे त्याच १९८३ साली पारनेरच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळ या दुष्काळी गावात, उलट्या टोकाकडून सुरुवात झाली होती. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकणं हाच शिकण्याचा नैसर्गिक मार्ग आहे, ही त्यांची धारणा. त्यातून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम आला. त्यात वेल्डिंग आणि सुतारकाम होतं, तशीच शेती, पशुपालन, वीज आणि आरोग्यही होतं. आठवड्यातला एक दिवस मुलं हातात हत्यारं घेऊन काम करत, तेही शोभेचं नव्हे, गावाला लागणारं. कलबाग २००३ साली गेले. आश्रमाचं काम चालू आहे.

त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभा राहणारा 'पाबळ डोम' ही आश्रमाची एक ओळख. कमी सामानात जास्त मजबुती हे त्याचं तत्त्व, आणि ते समजावायला अरविंद गुप्तांच्या काड्यापेटीच्या काड्या पुरतात. आयआयटी कानपूरहून पुण्याच्या टेल्कोत आलेले गुप्ता १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण प्रकल्पात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या जोडून त्यांनी आकृत्या बनवल्या. चौकोन बोटाने ढकलला की आडवा होतो, त्रिकोण हलत नाही. एवढं पाहिलेल्या मुलाला रेल्वेच्या पुलावर तिरक्या पट्ट्या का असतात हे वेगळं सांगावं लागत नाही. गिधाडाच्या पंखातलं एक हाड उभं कापलं तर आत तशाच तिरक्या आडण्या दिसतात. डार्सी थॉम्प्सन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने १९१७ साली आपल्या ग्रंथात ते हाड आणि पुलाचा सांगाडा यांचं साम्य दाखवून दिलं होतं.

या सगळ्यात सर्वांत जवळचा आणि सर्वांत गुणी इंजिनिअर मात्र विहिरीकाठच्या बाभळीवर असतो. सुगरण पक्षी बहिणाबाईंमुळे मराठी मुलांना कवितेतून भेटतो, विज्ञानाच्या तासाला क्वचितच. डॉ. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम इथे या पक्ष्याच्या वसाहतीचं निरीक्षण करून १९३० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरटं नर विणतो. गवताच्या, भाताच्या किंवा शिंदीच्या पात्यांच्या लांब चिंध्या चोचीने ओढून आणतो, गाठी मारतो, आणि विणकाम अर्धं झालं, म्हणजे उलट्या टोपासारखा आकार आला, की थांबतो. मग मादी येऊन पाहणी करते. पसंत पडलं तर जोडी जमते आणि नर पुढे खोली आणि खाली लोंबणारी प्रवेशनळी पूर्ण करतो. पसंत नाही पडलं तर ते अर्धवट घरटं तसंच लटकत राहतं आणि गडी नव्याने सुरुवात करतो.

अर्धवट नमुना बनवायचा, वापरणाऱ्याला दाखवायचा, नकार पचवायचा आणि सुधारित नमुना बनवायचा, हे आज डिझाइनच्या महागड्या संस्थांत मोठमोठ्या नावांनी शिकवतात. आपल्याकडच्या शाळेत पहिला प्रयत्न फसला की गुण जातात; सुगरणीच्या नराला तो नियम लावला असता तर ही जात कधीच संपली असती.

वर्गासाठी यात पाहण्यासारखं, मोजण्यासारखं पुष्कळ आहे. घरट्याच्या आत ओल्या मातीचे थापे दिलेले सापडतात. वाऱ्यात घरटं फार झोके घेऊ नये म्हणून हे वजन असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. हे तपासता येतं. नायलॉनच्या पिशव्या दोरीला टांगायच्या, एक रिकामी, एकीत माती, आणि पंख्यासमोर धरून झोके मोजायचे. तसंच, वसाहतीत घरटी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला जास्त असतात, बहुधा नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यापासून आडोसा म्हणून, अशी नोंद आहे. पारनेरच्या, श्रीगोंद्याच्या, राहुरीच्या मुलांनी होकायंत्र घेऊन आपापल्या शिवारातली घरटी मोजली तर या नोंदीची परीक्षाच होईल. अट दोन गोष्टींची: विहिरीच्या कठड्यापासून लांब राहायचं, आणि पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावायचा नाही. टाकून दिलेली घरटी खाली पडलेली मिळतातच.

खंड्याची गोष्ट बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते, पण ती सांगताना अर्धी राहते. जपानची बुलेट ट्रेन बोगद्यातून बाहेर पडताना पुढची दाबलेली हवा मोठा धमाका करी आणि आसपासचे रहिवासी वैतागत. रेल्वेचे अभियंते एइजी नाकात्सु पक्षिनिरीक्षक होते. हवेतून पाण्यात, म्हणजे विरळ माध्यमातून दाट माध्यमात, सूर मारताना खंड्याच्या चोचीने फारसं पाणी उडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. १९९७ साली धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचं नाक त्या चोचीवरून आलं. राहून जाणारा अर्धा भाग असा: चोच पाहून कुणी थेट गाडी बांधली नाही. निरनिराळ्या आकारांच्या गोळ्या नळीत सोडून दाबाच्या लाटा मोजल्या गेल्या आणि त्यातून चोचीशी जुळणारा आकार पुढे आला. सातवीतल्या मुलांनी कणकेची चार नाकं करून बादलीत टाकली आणि बाहेर उडालेलं पाणी मोजपात्रात धरलं, तर ती याच वाटेवर असतात.

आता वारुळाकडे. झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात १९९६ साली वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी ईस्टगेट सेंटर ही मोठी इमारत नेहमीच्या वातानुकूलन यंत्रणेशिवाय बांधली. रात्रीची गार हवा जाड भिंतींत आणि लाद्यांत गारवा साठवते, दिवसाची गरम हवा उंच धुराड्यांतून निघून जाते. ही कल्पना वाळवीच्या वारुळावरून सुचली. इमारत उत्तम चालली. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या संशोधकांनी खरी वारुळं तपासली, तेव्हा मात्र ती त्या पद्धतीने थंड राहतच नाहीत असं दिसलं. २०१५ साली हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी दक्षिण भारतातल्या वारुळांत हवेचा वेग प्रत्यक्ष मोजला. दिवसा उन्हाने तापलेल्या बाहेरच्या कडांमधून हवा वर चढते आणि मधून खाली उतरते. रात्री हा प्रवाह उलटतो. म्हणजे वारूळ गारव्यासाठी नाही, श्वासासाठी बांधलेलं आहे.

मुलांना ही गोष्ट फसगतीसह सांगावी. निसर्गातलं साम्य दिसलं म्हणजे कारण कळलं असं होत नाही, हे शिकण्याचं याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण. शिवाय नगरच्या मुलांना तुलनेसाठी सोलापूर रस्त्यावरचा फराहबक्ष महाल आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीने तो तलावाच्या मधोमध बांधला. तापमापी घेऊन दुपारी तिथे आत-बाहेरचे आकडे टिपावेत आणि जाड भिंती, उंच छत, पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, यावर वाद घालावा. वारुळांपाशी मात्र लांबूनच निरीक्षण बरं. आयत्या बिळावरचा नागोबा ही तिथे नुसती म्हण नसते.

पैशाचा प्रश्न निघतोच. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. त्रिमितीय प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर येतात. यंत्रं चांगली आहेत. पण प्रश्नच नसेल तर त्रिमितीय प्रिंटर चावीची साखळी छापत बसतो. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेच्या प्रतिकृतीसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात, आणि तिथेही अडतं ते कल्पनेपाशीच. आपल्या तालुका विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी तोच ज्वालामुखी, तेच सिरिंजवरचे जेसीबी आणि तेच पर्जन्यजलसंधारणाचे थर्माकोलचे डोंगर का दिसतात, याचं उत्तर सरळ आहे: ते बाजारात तयार मिळतात किंवा यूट्यूबवरून उतरवता येतात. आपल्या बांधावरच्या बाभळीवर कोणत्या बाजूला किती घरटी आहेत, हे यूट्यूबवर नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे आणि एनसीईआरटीने २०२४च्या जुलैमध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. हे दिवस सहल, भाषण आणि रांगोळीत संपवू नयेत, एवढी मुख्याध्यापकांना विनंती. एक दिवस ऑगस्टमध्ये सुगरणींसाठी काढावा, एक दिवाळीच्या सुट्टीनंतर कुसळांसाठी, आणि दोन्ही वेळा पुढचा आठवडा मुलांना काहीतरी बनवू द्यावं, मोडू द्यावं, पुन्हा बनवू द्यावं. गावातल्या सुताराला, वेल्डरला आणि मेंढपाळाला त्या दिवशी वर्गात बोलवावं. त्यांना मानधन देता आलं तर उत्तमच.