ओटीपी येत नाही, तेव्हा

नोव्हेंबर आला की पेन्शनर मंडळींचे फोन सुरू होतात. हयातीचा दाखला मोबाइलवरून भरायला बसलोय, पण ओटीपीच येत नाही! बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो. एअरप्लेन मोड चुकून चालू झालाय का ते पाहा, मग फोन एकदा बंद करून सुरू करा. मेसेजमधला स्पॅमचा कप्पाही उघडा. फोनमधली जागा भरली असली तरी मेसेज अडकतात, तेव्हा सुप्रभातचे व्हिडिओ काढून टाका (हे ग्रुपवर बोललो तर माझी खैर नाही). शिवाय नंबर बदललेला आणि खात्याला जुनाच जोडलेला, हे मी नोकरीत कितीदा तरी पाहिले. ते काम शाखेत जाऊनच करावे.

नवे सिम घेतले असेल तर पहिले २४ तास मेसेज बंद असतात. तो सुरक्षेचा नियम आहे, घाबरू नका.

घाबरायचे ते वेगळ्या वेळी. तुमची रेंज अचानक गेली, फोन बंद-चालू करूनही येईना आणि शेजारी त्याच कंपनीचा फोन मात्र चालतोय, तर तुमच्या नावाचे दुसरे सिम कोणीतरी काढले असू शकते. मग ओटीपी त्याच्याकडे जातात. सकाळपर्यंत थांबू नका. घरातल्या दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून व्यवहार थांबवा, मग सिम कंपनीला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे ठगांनीही आपले नंबर टाकलेले असतात. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो. आजच वहीत उतरवून घ्या.