'उचल' आणि तिचे गोत

माणसांप्रमाणे शब्दांनाही गणगोत असते. एकाच धातूपासून निघालेले शब्द निरनिराळ्या घरी नांदू लागतात आणि प्रत्येक घरी त्यांचा स्वभाव पालटतो. 'उचलणे' या साध्या क्रियापदाचे कुळ पाहिले म्हणजे हे ध्यानी येते.

खालची वस्तू हाताने वर घेणे, हा त्याचा मूळ अर्थ होय. परंतु चालणारा पाऊल उचलतो, प्रतिज्ञा करणारा विडा उचलतो, आणि अविचाराने बोलणाऱ्याविषयी 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' असे म्हणतात. मिटलेले भांडण पुन्हा पेटले, की त्याने 'उचल खाल्ली'. एखाद्याला त्याच्या जागेवरून एकाएकी हलविले, की त्याची 'उचलबांगडी' झाली. दुसऱ्याची वस्तू गुपचूप नेणारा तो 'उचल्या'. हे नाव एके काळी एका संपूर्ण जमातीस चिकटविण्यात आले. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथेस हेच नाव दिले, आणि त्या ग्रंथास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

बीड जिल्ह्यात 'उचल' या शब्दास आणखी एक अर्थ आहे. हा जिल्हा कमी पावसाचा. कोरडवाहू शेतीवर वर्ष निभत नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. हंगामापूर्वी मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो; तीच 'उचल'. येथे 'कोयता' हेही केवळ हत्याराचे नाव राहत नाही. ऊस तोडणारे पतिपत्नी मिळून 'एक कोयता' होतो. एकटा मजूर आला, तर तो 'अर्धा कोयता'. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी ठरते आणि तिच्यातून उचल फिटते. न फिटलेली बाकी पुढील हंगामाच्या माथी बसते. उचल एका दिवशी हाती पडते. तिचा भार मात्र सहा महिने डोक्यावरील उसाच्या मोळीबरोबर उचलावा लागतो.

गावी सांभाळणारे कोणी नसेल, तर मुलेही आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा मध्येच सुटते. अशा मुलांकरिता महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली.

'उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम', असा अर्थ सांगणे सोपे आहे. त्या शब्दाचे वजन मात्र तो ज्यांच्या घरी नांदतो, त्यांनाच ठाऊक असते.