चोवीस तासांची मोटारसायकल शर्यत
मोटारसायकलच्या शर्यतीत वेगालाच सारे महत्त्व असते, असा सर्वसाधारण समज आहे. फ्रान्समधील ‘बोल दॉर’ अर्थात ‘सुवर्णपात्र’ ही शर्यत त्यास अपवाद होय. पॅरिसजवळील व्होझूर येथे ती १९२२ मध्ये प्रथम झाली. चोवीस तासांत जो अधिकांत अधिक अंतर कापील तो विजयी. चालक मात्र एकटाच! टोनी झिंड याने सुमारे १,२४५ किलोमीटर अंतर कापले. म्हणजे सरासरी वेग ताशी ५२ किलोमीटर भरतो. हा आकडा आज क्षुल्लक वाटेल. परंतु अहोरात्र तापलेले एंजिन, सैल होत जाणारी साखळी, झिजणारे टायर आणि झोपेने जड झालेले डोळे यांचाही हिशेब धरावयास हवा. १९५४ पासून दोघांनी आळीपाळीने गाडी चालविण्याची मुभा मिळाली. आता बहुधा तिघे चालक असतात. मोटारसायकल मात्र एकच.