भिंतीचा अंगरखा निवडताना

दिवाळी आटोपली की दहिसरमधल्या जुन्या सोसायट्यांभोवती बांबूच्या परांच्या उभ्या राहू लागतात. पावसाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात उमटलेली ओल आणि रंगाचे निघालेले पोपडे पाहून बाहेरची भिंत दुरुस्त करायची, हे सर्वसाधारण सभेत ठरलेले असते. वाद होतो तो पुढच्या प्रश्नावर. नुसता रंग द्यायचा, पत्रे ठोकायचे, की ॲल्युमिनियमच्या चकचकीत पॅनेल लावायच्या? चर्चा बहुधा खर्चाभोवती आणि दिसण्याभोवती फिरते. पण हा निर्णय फुफ्फुसांशी आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे.

सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. हा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. त्यामुळे दक्षिणेकडची आणि पश्चिमेकडची भिंत सर्वाधिक भिजते. कोकणात याला ‘झड’ म्हणतात आणि तिच्यापासून बचाव म्हणून पूर्वी मातीच्या भिंतींना झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. दहिसरच्या पश्चिमेला खाडी आणि खारफुटी असल्याने हवेत क्षारही असतात. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असल्यामुळे आतल्या सळया गंजत नाहीत. मात्र भेगांतून पाणी, क्षार आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की हे संरक्षण संपते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीट फुटते आणि छज्ज्याचे तुकडे खाली पडतात.

घराच्या आत दुसरीच अडचण सुरू होते. ओल्या भिंतीवर बुरशी धरते आणि तिचे बीजाणू हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दमा यांचा धोका जास्त असतो, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल, तर गळकी भिंत पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखी बाब नाही.

आता पर्याय पाहू. सिमेंटचे पत्रे स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून चाळींत आणि शेडवर सर्रास दिसतात. त्यांतल्या अनेकांमध्ये ॲस्बेस्टॉस असते. अखंड पत्रा सहसा फारसे तंतू सोडत नाही. तो कापताना, भोक पाडताना किंवा फोडताना मात्र डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तर संपर्कानंतर अनेक दशकांनी उघड होतो. त्यामुळे नवीन पत्रे घेताना ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे लेखी मागावे. जुना पत्रा काढताना तो पाण्याने भिजवावा, न फोडता अखंड उतरवावा आणि खाली पडलेला चुरा कोरडा झाडू नये. कामगारांना योग्य मास्क मिळाला आहे ना, हे पाहणे सोसायटीचेही काम आहे.

ॲल्युमिनियमच्या पॅनेल धातूच्या वाटतात, पण त्या पूर्ण धातूच्या नसतात. दोन पातळ पत्र्यांमध्ये एक गाभा असतो. तो पॉलिथिनचा असेल तर आगीत वितळतो आणि पेटतो. पॅनेल आणि भिंत यांच्यातली पोकळी धुराड्यासारखे काम करते आणि ज्वाळा वर खेचल्या जातात. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी एका स्वयंपाकघरात लागलेली आग अशाच आवरणावरून पसरली. तीत ७२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींवर ज्वलनशील साहित्य वापरण्यास बंदी घातली. म्हणून पॅनेल घ्यायच्याच असतील तर गाभा कशाचा आहे, हे आधी विचारावे आणि अग्निचाचणीचे प्रमाणपत्र पाहावे.

बहुतेक जुन्या इमारतींना चांगले प्लॅस्टर आणि त्यावर बाहेरच्या भिंतीसाठीचा रंग पुरतो. हा रंग पावसाचे पाणी अडवणारा, पण भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा असावा. वाफ कोंडली तर रंगाला फुगे येतात. नवे प्लॅस्टर किमान आठवडाभर पाणी मारून ओले ठेवावे आणि पुरते वाळल्यावरच रंग द्यावा. फिका रंग ऊन परावर्तित करतो, त्यामुळे दुपारी पश्चिमेची खोली कमी तापते.

कोणताही अंगरखा मूळ दुखणे बरे करत नाही. भेगा, गळके पाइप, गंजलेल्या सळया आणि खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी आधी दुरुस्त व्हायला हव्यात. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक साधी खाच असली, तरी पाणी भिंतीकडे न ओघळता तिथेच ठिबकते. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अहवाल हाती आल्यावर साहित्य निवडावे. आधी पॅनेल लावून भिंत झाकली, तर आतला गंज वाढत राहतो आणि तो कुणाच्या नजरेसही पडत नाही.