बोरिवली स्लो आणि शिलाहारांचं आरमार

मुंबईचा इतिहास सांगायला बसलं की गाडी हमखास एका लग्नापासून सुटते. पोर्तुगालची राजकन्या, इंग्लंडचा राजा, १६६१ चा करार आणि आंदणात आलेली बेटं. त्याच्या आधी काय होतं, असं विचारलं तर उत्तर मिळतं: कोळीवाडे, माडाची झाडं आणि चिखल. मग थेट फोर्ट, गिरण्या आणि ट्राम.

जरा हिशेब करून बघा. इंग्रजांनी मुंबई १६६५ मध्ये ताब्यात घेतली आणि १९४७ मध्ये सोडली. झाली २८२ वर्षं. त्यांच्या कितीतरी आधी याच किनाऱ्यावर एका घराण्याने साधारण साडेचारशे वर्षं काढली. कधी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून, कधी स्वतःच्या तोऱ्यात, तर कधी शेजाऱ्यांचा मार खात. हे उत्तर कोकणचे शिलाहार. इसवी सन ८०० च्या आसपास सुरुवात, १२६५ च्या सुमारास अखेर. त्यांची एक मोठी नगरी म्हणजे स्थानक, म्हणजे आपलं ठाणं. आणि साष्टी हे नाव त्यांच्या ताम्रपटांत ‘षट्षष्टी’ म्हणून येतं, सहासष्ट गावांचा प्रदेश.

या राजांची एक गंमत मला फार आवडते. ते स्वतःला ‘तगरपूरचे स्वामी’ म्हणवून घेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राज्य समुद्रकाठी, आणि बिरुद पार घाटावरच्या गावाचं. मुंबईत चार पिढ्या काढलेल्या माणसालाही ‘गाव कुठलं?’ विचारलं की तो देवरूख नाहीतर पाटण सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

या राज्याचा मागोवा घ्यायला घोडा नको आणि वाटाड्याही नको. लोकलचा पास पुरतो. मध्य रेल्वेने निघालात तर अंबरनाथला उतरा. वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचं शिवमंदिर आहे. नदीकडे फार वेळ बघवत नाही, कारखान्यांनी तिची रया घालवली आहे. पण मंदिराच्या भिंतीजवळ जाऊन नुसतं उभं राहा. सपाट अशी जागाच सापडत नाही. भिंत कोनाकोनांनी मोडत जाते आणि प्रत्येक कोनावर कोणी ना कोणी उभं आहे: देव, देवी, नर्तकी, संन्यासी. ऊन सरकतं तशी सावलीतली माणसं पुढे येतात आणि पुढची मागे जातात. वर शिखर अर्धंच आहे. आत मंडपातून गाभाऱ्यात जायला मात्र खाली उतरावं लागतं, साधारण वीस पायऱ्या. देवळात वर चढायची सवय असलेले पाय इथे अडखळतात.

उत्तरेकडच्या दरवाजाच्या तुळईवर आतल्या बाजूला एक लेख कोरलेला आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राजाचं नाव मुम्मुणी. तारीख आणि नाव असं स्वच्छ हातात असताना कोणालाही विचारा, मंदिर कोणतं? उत्तर येतं, ‘हेमाडपंती!’

आता हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. तो तेराव्या शतकातला, म्हणजे हे मंदिर बांधून दोनशे वर्षं झाल्यानंतरचा. इथवर ही साधी चूक वाटेल. पण हा हेमाद्री ज्या महादेव यादवाच्या पदरी होता, त्याच महादेवाने शिलाहारांचं राज्य बुडवलं. म्हणजे ज्यांनी मंदिर उभं केलं त्यांचं नाव पुसलं गेलं आणि श्रेय गेलं शत्रूच्या मंत्र्याला! महाराष्ट्रात चुना न वापरता रचलेलं दगडी देऊळ दिसलं की त्यावर हेमाडपंताच्या नावाची चिठ्ठी लावायची आपली जुनी खोड आहे. तिचा फटका इथे बसावा तितका दुसरीकडे बसत नसेल. हेमाद्रीला आपण पुन्हा भेटणार आहोत.

परळला उतरून त्या काळचं काही शोधू नका. तिथला शिलाहारांचा शिलालेख तिथून हलून बराच काळ झाला. पण तो लेख आहे मोठा नामी. साल ११८७, राजा दुसरा अपरादित्य. एका वाडीचं उत्पन्न दान दिल्याची ही नोंद आहे. सगळं शिष्टसंमत संस्कृतात चाललंय, आणि शेवटी, जो कोणी हे दान मोडेल त्याचं काय होईल हे सांगायची वेळ आल्यावर लेख एकदम मराठीत उतरतो. देवाचा कोप सहकुटुंब ओढवेल, हे त्यातलं सौम्य. पुढचं छापण्याजोगं नाही, पण दगडावर खाली चित्र काढून ठेवलेलं आहे: एक गाढव आणि एक स्त्री. असल्या दगडांना गधेगळ म्हणतात. वर सूर्य, चंद्र आणि कलश, मध्ये लेख, खाली हे दृश्य. सूर्यचंद्र असेपर्यंत दान चालावं, आणि कोणी आडवं आलं तर त्याच्या आईची अशी विटंबना होवो, असा सगळा मजकूर अक्षर न वाचताही कळावा.

त्या काळाचा विचार करा. गाव दूर, राजा त्याहून दूर, तलाठी नाही, कोर्ट नाही. जमीन देवाला दिली आणि उद्या शेजाऱ्याने बांध सरकवला तर? संस्कृत मजकूर पंडितांसाठी, पण बांध सरकवणारा पंडित नसतो. त्याला कळेल अशा भाषेत आणि त्याला लाज वाटेल अशा चित्रात कायदा उभा केलेला होता. ही युक्ती डोकेबाज होती हे मान्य. तरीही गुन्हा करणार पुरुष आणि शिक्षा भोगणार त्याची आई, हे कोरणाऱ्याच्या हाताला एकदाही खटकलं नसेल का, असं प्रत्येक गधेगळापाशी माझ्या मनात येतं. ते खटकावं असा तो काळ नव्हता म्हणून सोडून द्यायचं, तर आजच्या रस्त्यावरच्या भांडणातल्या शिव्या आठवतात. त्यांचा रोख अजूनही आईकडेच असतो.

अलिबागजवळच्या आक्षीचा दगडही गधेगळच. शके ९३४, इसवी सन १०१२. तारीख असलेला सर्वांत जुना मराठी शिलालेख म्हणून अनेक अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात. त्यात राजा केशिदेवाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे. लेखी मराठीच्या अगदी उंबरठ्यावर समुद्र आणि शाप असे दोघे एकत्र उभे आहेत.

पहिल्या अपरादित्याची कीर्ती वेगळीच. त्याच्या नावावर याज्ञवल्क्य स्मृतीवरची एक टीका आहे. ‘अपरार्क’ म्हणून ती ओळखली जाते. त्याने काश्मीरला आपला दूत पाठवला होता, तेजःकंठ नावाचा. श्रीनगरच्या पंडितांच्या एका सभेत हा तेजःकंठ बसलेला आपल्याला दिसतो, कारण मंख नावाच्या काश्मिरी कवीने आपल्या ‘श्रीकंठचरित’ या काव्यात त्या सभेचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढे काश्मीरमध्ये अपरार्काचा ग्रंथ प्रमाण मानला जाऊ लागला. बाराव्या शतकात, कोकणच्या राजाचं कायद्याचं पुस्तक, काश्मीरच्या निवाड्यांत! आगगाडी नाही, टपाल नाही, छापखाना तर नाहीच.

आता पश्चिम रेल्वे पकडू. बोरिवलीला उतरल्यावर पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आणि त्यात कान्हेरी. कान्हेरी शिलाहारांच्या फार आधीची, पण त्यांच्या काळातही तिथे बौद्ध भिक्षू होते. पहिल्या दोन-तीन राजांच्या काळात दिलेल्या दानांचे लेख तिथे आहेत. एक दाता तर चक्क गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेला. बहुतेक लोक चैत्य बघतात, दमतात आणि परततात. ज्याला दम असेल त्याने पुढे चढून ९० क्रमांकाच्या लेण्याकडे जावं. तिथे पहलवी लिपीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, काही ओळी कोरलेल्या आहेत. झरथुष्ट्राचा धर्म मानणारी मंडळी इथे आली होती. त्यांनी यज्दगर्दी सन, महिना आणि दिवस लिहून पुढे आलेल्यांची नावं दिली आहेत, बापाच्या नावासकट. १००९ मध्ये दोनदा आणि १०२१ मध्ये पुन्हा.

देणगी नाही, प्रार्थनागृह नाही, राजाची स्तुती नाही. लोक लेणी बघायला आले आणि नावं कोरून गेले. आज हेच केलं तर पहारेकरी शिट्टी मारेल आणि ते योग्यच आहे. पण या मंडळींवर मला रागावता येत नाही, कारण त्यांची वेळ बघा. सर्वांत जुनी लेणी त्यांच्याआधी हजारेक वर्षं खोदलेली आणि आपण त्यांच्यानंतर हजार वर्षांनी तिथे पोचतो. ते बरोबर मध्यावर उभे आहेत. आपण ज्यांना मध्ययुगातली माणसं म्हणतो, तीच तिथे पुराणवस्तू बघायला आली होती!

बोरिवलीच्या दुसऱ्या अंगाला, पश्चिमेला, एक्सर. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या सहा वीरगळांची नोंद आहे, तळ्याकाठच्या आंब्याच्या बागेतली. आता आजूबाजूला इमारती आहेत. पण या दगडांना खरोखर भारतात फारशी जोड नाही, कारण त्यांतल्या चारांवर समुद्रावरची लढाई आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या पट्टीत मरण, वर अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा नाहीतर कैलास आणि टोकाला कलश. गावोगावच्या वीरगळांत खाली दोन ढालकरी किंवा गाई पळवणारे चोर असतात. इथे खाली समुद्र आहे. एका दगडावर पाच जहाजं ओळीने निघाली आहेत. मागची बाजू उंच, मधे डोलकाठी आणि प्रत्येकाच्या अंगाला वल्ह्यांची रांग. मोजता येतात, नऊ-नऊ. वर तिरंदाज. त्याच्या वरच्या पट्टीत चार जहाजांनी मिळून एका जहाजाला घेरलं आहे आणि त्यावरची माणसं पाण्यात पडतायत. कोरणाऱ्याने एकेक माणूस वेगळा पाडला आहे, एकाचा हात वर, दुसरा डोक्यावर उलटा. त्यांच्या वर मेलेला वीर शांतपणे पिंडीची पूजा करतोय आणि गंधर्व येतायत. आपल्या मध्ययुगीन जहाजांची चित्रं अगदी मोजकी. त्यात वल्ही मोजता यावीत इतकं जवळून काढलेलं हे चित्र एका लोकल स्टेशनापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

लढाई कोणाची? वाचता येईल असं राजाचं नाव दगडांवर मिळालेलं नाही. काहींनी ती माळव्याच्या भोजाच्या काळात नेली होती. पण बहुतेक अभ्यासक तिचं नातं १२६५ च्या आसपासच्या घटनेशी जोडतात आणि मला तेच पटतं. कारण त्या घटनेचा साक्षीदार आहे आपला हेमाद्री. आपल्या धन्याची थोरवी गाताना तो सांगतो की शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा त्याला पाणी बरं वाटलं, असा त्याचा आशय. दरबारी लेखकाची ही ऐट सोडून द्या, पण पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणाऱ्या घराण्याचा शेवटचा राजा त्याच समुद्रात गेला. एक्सरचे दगड कोणत्या बाजूच्या वीरांचे, हे अजूनही वादाचं आहे. राजांचं हेमाद्रीने लिहून ठेवलं, वल्ही मारणाऱ्यांची काळजी या दगडांनी घेतली.

लोकांनी या दगडांना देव केलं, शेंदूर फासला. इतिहासवाले यावर हळहळतात. शेंदराच्या थराखाली बारीक काम बुजतं, हे खरंच. पण आसपासच्या जमिनीचा भाव बघता, देव झाले नसते तर हे दगड कधीच कुठल्यातरी पायाभरणीत गेले असते. मला विचाराल तर शेंदराचे आभार मानून, तो जपून काढणाऱ्या जाणकाराची वाट बघावी.

सोमेश्वराच्या तीनशे-साडेतीनशे वर्षं आधी हा किनारा कसा होता, हे दोन ठिकाणांहून कळतं. बगदादचा प्रवासी अल् मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला. तिथला राजा झंझ हे त्याने नोंदवलं, आणि गावात सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात हेही. दुसरं ठिकाण डहाणूजवळचं चिंचणी. तिथे सापडलेल्या ताम्रपटांतला एक ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. संजाणचा कारभारी तेव्हा एक ताजिक, म्हणजे अरब माणूस होता. लेखात त्याचं नाव मधुमती, आणि त्यामागचं मूळ नाव महंमद असं अभ्यासक सांगतात. त्याच्या कारभारात देवीच्या मठाला जमीन दिली गेली. संस्कृत ताम्रपटात त्याची स्तुती आहे आणि त्याने केलेली कामंही. त्यांत एक अन्नछत्र आहे, आणि दोन खाड्यांवर लोकांसाठी फुकट तरी.

तर आजही आहे, बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराईला जाणारी. एक्सर बघून झाल्यावर रिक्षाने तिथे जाता येतं. तिकीट मात्र काढावं लागतं.