रानांतलीं काळीं खळीं

अमेरिकेच्या ईशान्य भागांत कनेक्टिकट नांवाचें एक लहानसें राज्य आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यांतील लिचफील्ड परगणा डोंगराळ असून त्याचे उतार ओक, मेपल, बर्च इत्यादि वृक्षांनीं गच्च भरलेले आहेत. शहरांतून फिरावयास आलेल्या माणसाला हें अरण्य अनादि कालापासून असेंच उभें असावें, असें सहज वाटतें. परंतु त्या उतारांवरून चालतां चालतां मधूनच पायांखालची जमीन एकाएकीं सपाट होते. सुमारें १० मीटर व्यासाची, आपल्याकडील खळ्यासारखी गोल जागा. वरच्या अंगाला डोंगर किंचित् कोरलेला, खालच्या अंगाला भर घातलेली. पालापाचोळा काठीनें दूर केला, कीं खालीं काजळासारखी काळी माती लागते आणि तींत कोळशाचे बारीक तुकडे सांपडतात.

अशीं खळीं त्या परगण्यांत एक-दोन नव्हेत, २०,००० हून अधिक मोजलीं गेलीं आहेत. पायीं हिंडून ही मोजणी होणें शक्य नव्हतें. विमानांतून खालीं लेसर-किरण सोडावयाचे, पानांच्या फटींतून थेट जमिनीपर्यंत पोंचून परत येणारे किरण तेवढे निवडून काढावयाचे, आणि त्यांवरून झाडें वजा केलेला भूमीचा नकाशा बनवावयाचा, अशी ‘लायडार’ नांवाची जी पद्धति अलीकडच्या दशकांत प्रचारांत आली, तिच्यामुळें हें साधलें. त्या नकाशावर डोंगराच्या अंगावर देवीचे वण उमटावेत, तशीं हीं खळीं दिसतात.

हीं खळीं म्हणजे लांकडी कोळसा पाडण्याच्या भट्ट्यांच्या जागा. १७३० नंतर त्या भागांत लोखंडाची उत्तम खनिज माती सांपडली. १७६२ मध्यें सॉल्सबरी येथें पहिली झोतभट्टी पेटली. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळांत तेथें तोफा ओतल्या गेल्या, आणि पुढें आगगाडीच्या डब्यांच्या चाकांसाठीं तेथील लोखंडाला मोठी मागणी आली. इंग्लंडांत १७०९ मध्येंच अब्राहम डार्बीनें दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड गाळून दाखविलें होतें; पण येथें दगडी कोळसा जवळ नव्हता, रान मात्र दाराशीं होतें. शिवाय लांकडी कोळशांत गंधक जवळजवळ नसतें, त्यामुळें त्यावर गाळलेलें लोखंड चिवट निघे. या प्रदेशांतील शेवटची झोतभट्टी १९२३ मध्यें विझली.

एके काळीं ज्या घरांत शेगडी होती, त्यांतील वडील माणसांना लांकडी कोळशाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई पडली, तेव्हां आपल्याकडील कित्येक मोटारी याच कोळशाच्या वायूवर धांवत असत. मात्र तो तयार कसा होतो, हें शहरांतील फार थोड्यांनीं पाहिलें असेल. लांकूड उघड्यावर जाळलें तर राख उरते. तेंच हवा तोडून तापविलें, तर प्रथम पाणी, मग वायु, आम्ल व डांबर निघून जातें आणि बहुतांशीं कार्बन मागें राहतो. पांच मण लांकडांतून एक मण कोळसा हातीं आला, तरी भट्टी साधली म्हणावयाची. चार मण वजन जर वाऱ्यावरच जावयाचें, तर तें वाहून कोण नेणार? म्हणून भट्टीच लांकडाकडे जाते. त्यांतून कोळसा ठिसूळ. लांबच्या गाडीवाटेनें नेला तर त्याचा चुरा होतो. रानोमाळ पसरलेल्या हजारों खळ्यांचें कारण हें असें अगदीं व्यवहारी आहे.

लांकूडतोड हिवाळ्यांत होई आणि भट्ट्या वसंतापासून शरदापर्यंत लागत. खळ्याच्या मध्यभागीं धुराडें राखून त्याच्याभोंवतीं सुमारें ४ फूट लांबीचीं लांकडें उभीं रचीत. त्यांवर दुसरा थर, असें करीत घुमट उठे. त्यावर पाला आणि पाल्यावर माती लिंपली जाई. धुराड्यांतून विस्तव आंत टाकून तोंड बंद केलें, कीं पुढचे १० ते १४ दिवस कोळसेवाल्याला झोंप अशी नाहींच. पांढरा दाट धूर म्हणजे ओल निघत आहे. तो निळसर व विरळ झाला, कीं काम उरकत आलें. आंतलें लांकूड आकसून कोठें माती खचली आणि हवा शिरली, तर सारा माल जळून राख व्हावयाचा. म्हणून तो घुमटावर चढे आणि पाय दाबून दाबून पोकळ जागा हुडकी, तीं बुजवी. पायाखालीं निखारा, वर मातीचें पांघरूण! जवळच खांबांची व गवताळ मातीची एक शंकूसारखी झोपडी. तोच त्याचा सहा-आठ महिन्यांचा संसार. कारखान्याच्या मालकांचीं नांवें इतिहासांत आलीं. या माणसांच्या मुक्कामाचा माग मात्र मुख्यतः खळ्यांवरच उरला.

हा धंदा फार जुना. अथेन्सच्या उत्तरेस पार्नेस डोंगराच्या पायथ्याशीं आकार्नाई नांवाचें गांव होतें. तेथील म्हाताऱ्या कोळसेवाल्यांचा वृंद करून आरिस्तोफानीस या ग्रीक नाटककारानें ख्रिस्तपूर्व ४२५ मध्यें एक प्रहसन रंगभूमीवर आणलें. त्यांत नायक कोळशाची टोपली ओलीस धरतो, आणि पोटच्या पोरावर सुरी उगारली जावी तसे ते म्हातारे गयावया करूं लागतात. त्यानंतर सुमारें १०० वर्षांनीं थिओफ्रास्टस या वनस्पतिशास्त्रज्ञानें नोंदून ठेवलें, कीं भट्टीसाठीं सरळ व गुळगुळीत लांकडें निवडतात, कारण तीं एकमेकांस अगदीं भिडवून रचावीं लागतात.

सरळ, गुळगुळीत लांकूड म्हणजे बहुधा तरुण लांकूड, आणि भट्टी लावणाऱ्यानें तसेंच निवडलें होतें काय, हें कोळशाच्या तुकड्यावरून पडताळून पाहतां येतें. लांकूड कुजतें, कोळसा सहसा कुजत नाहीं, आणि लांकडाची सूक्ष्म रचना त्यांत जशीच्या तशी टिकते. तुकडा मोडून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर ओकची ओळख वर्षवलयाच्या आरंभींच्या मोठ्या छिद्रांवरून पटते. पाइनमध्यें तशीं छिद्रें नसतात, राळेच्या नलिका असतात. वलयांचा बांक फार तीव्र असला, तर लांकूड कोंवळ्या सोटाचें किंवा फांदीचें. बांक जवळजवळ सपाट असला, तर थोर बुंध्याचें. सालीलगतचें शेवटचें वलय शिल्लक असलें, तर झाड कोणत्या ऋतूंत तोडलें तेंही सांगतां येतें.

काल ठरविणें मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. १९४९ मध्यें विलर्ड लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किरणोत्सर्गी कार्बनावरून वय काढण्याची रीत पुढें आणली. पण जुन्या वृक्षाच्या गाभ्याचा तुकडा हातीं लागला, तर निघणारें वय भट्टीचें नसून त्या गाभ्याचें असतें. शिवाय १६५० नंतरच्या काळासाठीं ही रीत फारशी नेमकें उत्तर देत नाहीं. अशा वेळीं मोठ्या तुकड्यांतील वलयें मोजून तीं ज्ञात वलयमालिकेशीं जुळवावीं लागतात. जर्मनींत ब्रांडेनबुर्ग प्रांतांत, कॉटबुस शहराजवळ, पाइट्झच्या लोखंडी कारखान्याला कोळसा पुरविणाऱ्या शेंकडों भट्ट्या उत्खननांत उघड्या पडल्या. त्यांतील पाइनच्या कोळशाचीं वलयें मोजून त्यांचा काल १७ व्या शतकापासून १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंतचा ठरला. हें उत्खनन झालें कशामुळें? तपकिरी कोळशाची विशाल उघडी खाण त्या रानाकडे सरकत होती म्हणून! एका कोळशासाठीं दुसऱ्या कोळशाचा इतिहास खणला गेला.

आतां मुख्य प्रश्न. कोळसेवाल्यांनीं रानें फस्त केलीं, हा आरोप जुना आहे आणि वरवर खराही वाटतो. परंतु खळीं वेगळी साक्ष देतात. कित्येक खळ्यांत काळ्या मातीचे एकावर एक थर आढळतात. म्हणजे त्याच जागीं, त्याच उतारावरील लांकूड पुनः तोडून, पुनः भट्टी लागली होती. हें शक्य झालें तें खुंटाला फूट येते म्हणून. ओक किंवा चेस्टनट तोडला, कीं त्याच्या खुंटापासून अनेक सरळ फुटवे निघतात आणि २५-३० वर्षांत ते भट्टीयोग्य होतात. इंग्लंडमधील रानांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहम यांनीं तर असें प्रतिपादन केलें, कीं लोखंडाच्या कारखान्यांनीं रानें मारलीं नाहींत, राखलीं. कारण ज्याला दरवर्षीं सरपण हवें, तो रानाचें शेत होऊं देत नाहीं. रान खरें संपतें तें नांगर फिरल्यावर किंवा गुरांनीं फुटवे खाल्ल्यावर.

हा निवाडा सरसकट लावतां मात्र येणार नाहीं. मद्रास इलाख्यांत पोर्टो नोव्हो येथें जोसाया हीथ यांनीं १८३० च्या सुमारास लांकडी कोळशावर चालणारा लोखंडाचा कारखाना काढला. कोळसा दिवसेंदिवस दुरून आणावा लागूं लागला, आणि इतर अडचणींबरोबर ही अडचण त्या कारखान्याला भोंवली. झोतभट्टीची भूक रानाच्या वाढीपेक्षां मोठी झाली, तर फुटवे पुरे पडत नाहींत.

कनेक्टिकटच्या खळ्यांत आणखी एका गोष्टीचा ठसा आहे. तेथील भट्ट्यांत चेस्टनटचें लांकूड पुष्कळ जाई. १९०४ मध्यें न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांतील चेस्टनटांवर एक परदेशी बुरशी आढळली. कांहीं दशकांतच पूर्व अमेरिकेंतील हे महावृक्ष नामशेष झाल्यासारखे झाले. जुन्या मुळांतून अजूनही फुटवे येतात, पण मोठे होण्याआधींच बुरशी त्यांना गाठते. कुऱ्हाडीखालीं पुनःपुनः जगलेलें झाड एका रोगानें गेलें, आणि त्याच्या बुंध्यांचे अवशेष आतां खळ्यांच्या काळ्या मातींत शोधावे लागतात.

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, रायगड व ठाणे जिल्ह्यांत, कोळसा पाडण्याचें काम पुष्कळ पिढ्या कातकऱ्यांकडे राहिलें. खैरापासून कात काढणारे म्हणून त्यांना तें नांव मिळालें. पावसाळा सरला, कीं मालकाकडून उचल घेऊन सारें कुटुंब भट्टीवर जावयाचें आणि पुढच्या पावसाच्या तोंडीं परत यावयाचें. उचल फिटली नाहीं, तर पुढच्या हंगामाची बांधिलकी मानेवर बसावयाची. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्यानें बंद झाली, तरी उचलीची चाल त्यानंतरही राहिली. तेथील भट्टीच्या जागींही माती काळी होते, आणि कोणतें झाड तोडलें, केवढें तोडलें, हें तींतील कोळशावरून कळूं शकतें. उचल किती होती आणि ती केव्हां फिटली, हें मात्र त्या मातीवरून कळत नाहीं. तें भट्टीवर राहिलेल्या माणसांनाच विचारावें लागतें.